एक नाव, दोन माश्या

आनुवंशिकतेचा धडा सुरू झाला की जीवशास्त्राच्या पुस्तकात 'फळमाशी' हमखास भेटते. लाल डोळ्यांची, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर लांबीची ही माशी प्रयोगशाळेतील बाटलीत सुखाने वाढते आणि दहा दिवसांत नवी पिढी देते. तिच्या अभ्यासाने शास्त्रज्ञांना एकाहून अधिक नोबेल पारितोषिके मिळवून दिली आहेत. शाळेत तिची ओळख होते ती मानवाची मदतनीस म्हणून.

आता रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातील एखाद्या आंबा बागायतदारापुढे 'फळमाशी' हा शब्द उच्चारून पाहा. त्याच्या कपाळाला आठ्या पडतील. बाहेरून निर्दोष दिसणारा हापूस कापावा आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळाव्यात, हा अनुभव त्याने घेतलेला असतो. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याला आपली दारे बंद केली, तीही याच 'फळमाशी'मुळे. ती बंदी २०१५ च्या आरंभी उठली, पण एक संपूर्ण हंगाम हातचा गेला.

मग पुस्तकातील गुणी माशी आणि बागेतील उपद्रवी माशी एकच की काय? विद्यार्थी मित्रांनो, नाही. या दोन पूर्णपणे वेगळ्या माश्या आहेत. मराठीत दोघींना एकच नाव पडले, एवढेच. पहिलीचे शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. घरात पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी आणि बोलीभाषेत आपण ज्यांना 'चिलटे' म्हणतो त्यांपैकीच ही एक. दुसरीचे नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. या लेखात आपण पहिलीला 'ड्रॉसोफिला' आणि दुसरीला 'बॅक्ट्रोसेरा' म्हणू.

नावांचा हा घोटाळा केवळ परीक्षेतील गुणांपुरता असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण फळ कुजणे आणि माशी येणे यांतील कारण कोणते व परिणाम कोणता, हा प्रश्न या दोन माश्यांच्या बाबतीत अगदी उलटा सुटतो. ओळख चुकली की उपाय चुकतो.

गण एक, कुळे दोन

प्रथम साम्य पाहू. दोन्ही माश्या द्विपंखी गणातील आहेत. बहुतेक उडणाऱ्या कीटकांना पंखांच्या दोन जोड्या असतात, माशीला एकच. मागच्या जोडीच्या जागी तिला टाचणीच्या आकाराचे दोन लहान अवयव असतात, त्यांना संतोलक म्हणतात. उडताना हे संतोलक पंखांच्याच वेगाने वरखाली हलत असतात. ड्रॉसोफिलाचे पंख एका सेकंदात सुमारे २०० वेळा हलतात, म्हणजे तिचे संतोलकही तितकीच आंदोलने करतात.

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे फूको यांच्या लंबकाची आठवण व्हावी. १८५१ साली फूको यांनी पॅरिसमध्ये लांब तारेला जड गोळा टांगून दाखवून दिले की, लंबक आपल्या आंदोलनाचे प्रतल सोडायला नाखूश असतो, त्याच्याखालची पृथ्वी मात्र फिरत राहते. संतोलकाचेही तसेच आहे. माशीचे शरीर वळले तरी त्याला आपल्याच प्रतलात हलत राहायचे असते. त्यामुळे त्याच्या देठावर ताण पडतो, तो तेथील संवेदी पेशींना कळतो आणि आपण किती व कोणीकडे वळलो हे माशीला तत्क्षणी समजते. माशीला हाताने पकडणे इतके अवघड का, याचे एक उत्तर येथे आहे.

दोघींचे जीवनचक्रही एकाच सूत्राने चालते: अंडे, अळी, कोष आणि प्रौढ माशी. अळी दोन वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या तीन अवस्था होतात.

एवढे साम्य असूनही त्यांची कुळे भिन्न आहेत. ड्रॉसोफिला ही ड्रॉसोफिलिडी कुळातील, तर बॅक्ट्रोसेरा टेफ्रिटिडी कुळातील. हे अंतर केवढे? कुत्रा आणि मांजर हे दोन्ही प्राणी मांसाहारी गणातील आहेत, पण त्यांची कुळे वेगळी. आपण दोघांना एकच नाव दिले असते तर किती गोंधळ उडाला असता! माश्या लहान म्हणून त्यांच्या बाबतीत तो आपल्याला जाणवत नाही, इतकेच.

ओळखायचे कसे?

हातात एक साधे बहिर्गोल भिंग घेतले तरी पुढील फरक दिसू शकतात.

लांबी: ड्रॉसोफिला सुमारे अडीच ते तीन मिलिमीटर. बॅक्ट्रोसेरा सुमारे सात ते आठ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ घरमाशीएवढी.

रंग: ड्रॉसोफिला पिवळसर तपकिरी, पोटावर आडवे काळे पट्टे, डोळे लालभडक. बॅक्ट्रोसेराच्या गडद छातीच्या दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे असतात आणि पोटावर इंग्रजी 'टी' अक्षरासारखी काळी खूण दिसते. पाहताक्षणी ती माशीपेक्षा लहान गांधीलमाशीच वाटते.

पंख: ड्रॉसोफिलाचे पंख स्वच्छ पारदर्शक. बॅक्ट्रोसेराच्या पंखांच्या पुढच्या कडेला काळसर रेघ.

मादीचे शेपूट: ड्रॉसोफिलाचे बोथट. बॅक्ट्रोसेराचे टोकदार, सुईसारखे.

अळी: ड्रॉसोफिलाची पूर्ण वाढलेली अळी सरपटत वर चढते आणि बाटलीच्या कोरड्या भिंतीवर कोष करते. बॅक्ट्रोसेराची अळी फळातून खाली पडते, मातीत काही सेंटिमीटर शिरते आणि तेथे कोष करते. शिवाय ही दुसरी अळी शरीराची कमान करून, ती एकदम सोडून, उडीही मारते. वाकवलेली पोलादी पट्टी सुटली की उसळते, तोच हा प्रकार.

गुणसूत्रे: ड्रॉसोफिलात चार जोड्या, बॅक्ट्रोसेरात सहा. हा फरक भिंगाने दिसणार नाही, पण तो मूलभूत आहे.

या यादीतील सर्वांत महत्त्वाचा फरक कोणता असे विचाराल, तर मी मादीच्या शेपटाकडे बोट दाखवीन. बाकी बहुतेक कथा तेथूनच सुरू होते.

सुईची करामत

मादीच्या अंडी घालण्याच्या नळीला अंडनिक्षेपक म्हणतात. ड्रॉसोफिलाचा अंडनिक्षेपक बोथट असतो. धडधाकट फळाची साल त्याला भेदता येत नाही. म्हणून ही माशी जेथे फळ आधीच फुटले, सडले किंवा आंबू लागले असेल अशी जागा शोधते. आंबणाऱ्या फळात यीस्ट वाढते आणि तेच तिच्या अळ्यांचे मुख्य अन्न. तिचे अंडे अर्धा मिलिमीटर लांब असते आणि त्याला दोन बारीक तंतू असतात. पातळ, ओलसर गरात अंडे बुडाले तरी हे तंतू वर राहतात आणि त्यांतून अंड्याला हवा मिळते. पाण्याखाली पोहणारा माणूस तोंडात नळी धरतो तशीच ही योजना. सडक्या फळात राहण्यासाठी ड्रॉसोफिला अशी जन्मापासून सज्ज असते.

बॅक्ट्रोसेराची मादी अगदी निराळी. झाडावर लटकलेल्या, पिकू लागलेल्या पण निरोगी फळावर ती बसते, अंडनिक्षेपकाचे टोक सालीत रोवते आणि सालीखाली अंड्यांचा पुंजका घालते. शेतकरी याला 'डंख मारणे' म्हणतात. एवढ्याशा माशीला आंब्याची साल भेदण्याचे बळ येते कोठून?

उत्तर आठवीच्या पुस्तकात आहे: दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. एक अंदाजी हिशेब करू. समजा, माशीचे वजन १० मिलिग्रॅम आहे आणि ती केवळ आपल्या वजनाइतकेच बल लावते. हे बल सुमारे ०.०००१ न्यूटन झाले. आता समजा, टोकाचे क्षेत्रफळ १० मायक्रोमीटर लांब आणि तितक्याच रुंद चौकोनाइतके आहे, म्हणजे एका चौरस मीटरचा एक हजार कोटीवा भाग. भागाकार केला तर दाब येतो दहा लाख न्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा पट! शिवाय पायांनी फळ घट्ट धरून माशी आपल्या वजनापेक्षा अधिक बलही लावू शकते. बळ थोडे असले तरी टोक अणकुचीदार असल्याने काम होते.

सालीवर फक्त बारीकसा ठिपका राहतो. अंडी दीड-दोन दिवसांत उबतात, अळ्या गर पोखरीत आत जातात, त्यांच्यामागून सूक्ष्मजीव शिरतात आणि फळ आतून कुजू लागते. एक मादी आपल्या आयुष्यात हजाराहून अधिक अंडी घालू शकते. उबदार हवेत अंड्यापासून माशी होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. हंगामाच्या अखेरीस, बागेत पिकलेली फळे जास्त आणि हवेत ओलावाही जास्त अशा वेळी, उपद्रव वाढत जातो तो यामुळेच. काढणी वेळेवर, म्हणजे कोकणच्या भाषेत आंबा 'चौदा आणे' तयार झाला की लगेच, करावी असे सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे.

म्हणजे पाहा, ड्रॉसोफिलाच्या बाबतीत फळ आधी कुजते आणि माशी नंतर येते. बॅक्ट्रोसेराच्या बाबतीत माशी आधी येते आणि फळ नंतर कुजते. कुजके फळ आणि माशी हे दृश्य दोन्हीकडे सारखेच, पण कार्यकारणभाव उलटा.

अंडनिक्षेपकाचे महत्त्व किती, हे एका अपवादाने आणखी स्पष्ट होते. ड्रॉसोफिला सुझुकी नावाची पूर्व आशियातील एक जात आहे. तिचा अंडनिक्षेपक करवतीसारखा दातेरी असतो. त्यामुळे स्ट्रॉबेरी, चेरी अशी पातळ सालीची निरोगी फळे तिला भेदता येतात. २००८ साली ही जात अमेरिका आणि युरोपात आढळली आणि थोड्याच वर्षांत तेथील बागायतदारांची डोकेदुखी होऊन बसली. कूळ तेच, पण हत्यार बदलले आणि निरुपद्रवी माशी उपद्रवी झाली.

रेडी यांचे कापड आणि आंब्याची पिशवी

आता एक अडचण पाहा. बागेत जमिनीवर पडलेला सडका आंबा उचलला, तर त्यावर पुष्कळदा चिलटेच घोंगावताना दिसतात. बॅक्ट्रोसेराची मादी अंडी घालून केव्हाच निघून गेलेली असते. फळ सडू लागल्यावर ड्रॉसोफिला आणि तिच्या भाऊबंदांना वास लागतो आणि ती तेथे जमतात. गुन्हा एकीने करावा आणि घटनास्थळी सापडावी दुसरीने, असा हा प्रकार आहे. हजर असणे म्हणजे दोषी असणे नव्हे.

मग खरा दोषी कोण, हे ठरवायचे कसे? त्यासाठी साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक प्रयोग मदतीला येतो. १६६८ साली इटलीतील फ्रान्चेस्को रेडी यांनी मांसाचे तुकडे भांड्यांत ठेवले. काही भांडी उघडी ठेवली, काहींवर बारीक कापड बांधले. उघड्या भांड्यांतील मांसात अळ्या झाल्या, झाकलेल्या भांड्यांतील मांस सडले पण त्यात अळ्या झाल्या नाहीत. अळ्या सडण्यातून आपोआप निर्माण होत नाहीत, माशीच्या अंड्यांतून होतात, हे त्यावरून सिद्ध झाले.

झाडावरच्या फळांना कागदी पिशव्या घालण्याची पद्धत तुम्ही पाहिली असेल. हा रेडी यांचाच प्रयोग आहे, फक्त भांड्याच्या जागी फांदी. पिशवीतले फळ अळीमुक्त राहते आणि शेजारचे उघडे फळ किडते. एका झाडावरची दोन फळे, ऊन-पाऊस तोच, खत-पाणी तेच. बदलली ती एकच गोष्ट, माशीला वाट आहे की नाही. एका वेळी एकच घटक बदलावा आणि परिणाम पाहावा, या शास्त्रीय पद्धतीचे याहून सोपे उदाहरण शोधून सापडणार नाही.

हापूस आतून खराब निघाला की प्रत्येक वेळी माशीलाच दोष द्यावा असेही नाही. गर पांढरट, स्पंजासारखा होतो त्याला 'साका' म्हणतात. ती फळाच्या वाढीतील विकृती आहे. त्यात माशीचा हात नसतो आणि अळीही नसते.

ज्याचा त्याचा गंध

दोन माश्यांचे स्वभाव भिन्न, तसे त्यांना ओढणारे वासही भिन्न. ड्रॉसोफिलाला आंबण्याचा वास आवडतो. वाटीत थोडे व्हिनेगर ठेवले की अन्नाच्या आशेने नर-माद्या दोन्ही येतात. इंग्रजीत तिला 'व्हिनेगर फ्लाय' असेही म्हणतात ते उगाच नव्हे.

बॅक्ट्रोसेराच्या नराला वेड लावणाऱ्या गंधाचा शोध भारतातच लागला. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत हौलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ काम करीत. डास पळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सिट्रोनेला तेलाकडे काही फळमाश्या धाव घेतात आणि त्या सगळ्या नर असतात, हे त्यांच्या लक्षात आले. १९१२ साली त्यांनी ही नोंद प्रसिद्ध केली. तेलातील नेमके कोणते द्रव्य हे काम करते याचा शोध घेत ते १९१५ मध्ये मिथिल युजेनॉल या संयुगापर्यंत पोहोचले. तुळशीच्या पानांतही हे द्रव्य असते. म्हणूनच चुरगाळलेल्या तुळशीच्या पानांकडे या माश्या येताना दिसतात. नर ते द्रव्य खातो, शरीरात त्याचे रूपांतर करतो आणि मादीला आकर्षित करणारा गंध त्यापासून बनवतो.

आज आंब्याच्या आणि पेरूच्या बागांत टांगलेले जे सापळे दिसतात त्यांत हेच द्रव्य वापरलेले असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला 'रक्षक' सापळा हा याच तत्त्वावरचा. परंतु येथेही ओळख पक्की हवी. व्हिनेगरची वाटी टांगून बागेतील बॅक्ट्रोसेराचा बंदोबस्त होणार नाही, आणि मिथिल युजेनॉलचा सापळा स्वयंपाकघरात लावून केळ्यांवरची चिलटे कमी होणार नाहीत. इतकेच काय, कारली, काकडी, दोडका यांना छळणारी फळमाशी बॅक्ट्रोसेराची अगदी जवळची नातलग आहे, पण तिचा नर मिथिल युजेनॉलकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याच्यासाठी 'क्यू-ल्युअर' नावाचे दुसरे द्रव्य लागते. आंब्याचा सापळा कारल्याच्या मांडवाला लावला, तर पैसे जातील आणि कारली किडतच राहतील.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सापळ्यात सापडतात ते नर, अंडी घालतात त्या माद्या. एक नर अनेक माद्यांशी संयोग करू शकतो. म्हणून निम्मे नर पकडले म्हणजे अंडी निम्मी झाली असे होत नाही. जवळजवळ सगळे नर गेले तरच परिणाम दिसतो. यासाठी सापळे एकट्यादुकट्याने नव्हे, तर आसपासच्या सर्वांनी मिळून लावावे लागतात. जोडीला गळलेली फळे रोज गोळा करून खोल खड्ड्यात पुरावी लागतात, नाहीतर त्यांतील अळ्या मातीत उतरून पुढची पिढी तयार करतात.

एकीच्या अभ्यासातून दुसरीवर इलाज

आतापर्यंत आपण दोघींतील भेद पाहिला. परंतु विज्ञानाच्या इतिहासात त्यांचा एक नाजूक धागा जुळलेला आहे, आणि तो पदार्थविज्ञानातून जातो.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन यांना १९१० साली ड्रॉसोफिलाच्या बाटलीत लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर आढळला. त्या एका नरापासून सुरू झालेल्या अभ्यासातून जनुके गुणसूत्रांवर असतात हे सिद्ध झाले आणि १९३३ मध्ये मॉर्गन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे शिष्य मुलर यांनी ड्रॉसोफिलावर क्ष-किरण सोडले. १९२७ मध्ये त्यांनी जाहीर केले की, या किरणांनी जनुकांत बदल, म्हणजेच उत्परिवर्तन, घडवता येते. मात्रा वाढवली की माश्या जगत, पण वांझ होत. मुलर यांना १९४६ चे नोबेल मिळाले.

अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञ निपलिंग यांच्या मनात एक कल्पना घोळत होती: कीटक मारण्याऐवजी वांझ नर मोठ्या संख्येने सोडले तर? मुलर यांच्या कामावरून किरणांनी हे साधेल असे दिसले. १९५४ मध्ये कुरासाव या कॅरिबियन बेटावर, जनावरांच्या जखमांत अंडी घालणाऱ्या एका माशीचे या पद्धतीने निर्मूलन झाले. पुढे ती फळमाश्यांवरही वापरली गेली. वर सांगितलेली काकडी-कारल्यावरील माशी जपानच्या ओकिनावा बेटांवरून १९९३ पर्यंत अशाच रीतीने नाहीशी करण्यात आली.

यामागचे गणित करून पाहण्यासारखे आहे. समजा, एका बेटावर १००० नर आहेत आणि माश्यांची संख्या दर पिढीला पाचपट होते. आपण प्रत्येक पिढीत ९००० वांझ नर सोडले. आता दहा नरांपैकी एकच खरा. म्हणून पुढील पिढीत ५००० ऐवजी ५०० नर. पुन्हा ९००० सोडले, तर एकोणिसांतील एक खरा. ५०० ची पाचपट २५००, तिचा एकोणिसावा भाग सुमारे १३२. त्यानंतरच्या पिढीत सुमारे १०. आणि त्यापुढे एकही नाही. कीटकनाशकाने दर वेळी ठरावीक शेकडा मरतात, म्हणून शेवटचे थोडे उरतातच. येथे मात्र माश्या जितक्या कमी, तितका मारा अधिक प्रभावी.

किरणांचा दुसरा उपयोग काढलेल्या फळांवर होतो. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या विकिरण केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी प्रक्रिया केलेले आंबे २००७ साली अमेरिकेला गेले. मात्रा किमान ४०० ग्रे. एक ग्रे म्हणजे एका किलोग्रॅमला एक ज्यूल ऊर्जा. तेव्हा ४०० ग्रे म्हणजे किलोग्रॅमला अवघे ४०० ज्यूल. आंबा म्हणजे बहुतांशी पाणी, असे धरले तर एवढ्या ऊर्जेने त्याचे तापमान एका अंशाच्या दहाव्या भागाइतके वाढेल!

याच्याशी उष्ण पाण्याची पद्धत ताडून पाहा. युरोपात पाठवायचे आंबे ४८° सेल्सियसच्या पाण्यात एक तास ठेवतात. ३०° चा आंबा ४८° पर्यंत तापवायला किलोग्रॅमला सुमारे ७५,००० ज्यूल लागतात, म्हणजे किरणांच्या जवळजवळ १९० पट. एक तास का? कारण उष्णता सालीपासून आतपर्यंत हळूहळू वाहत जाते. अंतर दुप्पट झाले की वेळ सुमारे चौपट लागतो. आत बसलेल्या अळीपर्यंत ती पोहोचलीच पाहिजे.

मग एवढ्या थोड्या ऊर्जेने किरण अळीचा निकाल कसा लावतात? उष्णतेत ऊर्जा सर्व रेणूंना थोडी थोडी वाटली जाते. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणातील एका फोटॉनजवळ मात्र दहा लाखांहून अधिक इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, आणि रासायनिक बंध तोडायला काही थोडे इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. घाव थोडे, पण वर्मी बसणारे. डीएनएचे धागे तुटतात. विभाजन पावणाऱ्या पेशींना हे सर्वाधिक बाधते. अळी लगेच मरेलच असे नाही, पण तिची प्रौढ माशी होत नाही. आंब्याच्या पेशी त्या वेळी विभाजन पावत नसतात, म्हणून फळ टिकते. आणि गॅमा किरणांनी फळ किरणोत्सारी होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

करून पाहा

पावसाळ्यात बाजारातून मऊ पडलेले, सालीवर बारीक ठिपके असलेले चार-पाच पेरू आणा. रुंद तोंडाच्या बरणीत दोन इंच कोरडी, चाळलेली वाळू घाला, त्यावर पेरू ठेवा आणि तोंडाला मलमलीचे कापड घट्ट बांधा. दुसऱ्या बरणीत साल न फाटलेले चांगले केळे आधी ओल्या फडक्याने पुसून ठेवा व लगेच कापड बांधा. तिसऱ्या बरणीत सोललेले केळे दोन दिवस उघडे ठेवून मग कापड बांधा.

तीन आठवडे रोज पाहा आणि वहीत लिहा. कोणत्या बरणीत अळ्या वर चढल्या? कोणत्या बरणीत त्या वाळूत उतरल्या? उडी मारणारी अळी दिसली का? कोणत्या बरणीतून लहान, लाल डोळ्यांच्या माश्या निघाल्या आणि कोणत्या बरणीतून पिवळ्या पट्ट्यांच्या? पेरूच्या बरणीतून दोन्ही निघाल्या, तर कोणती आधी आत गेली असेल, याचा विचार करा. तुमच्या पेरूतून बॅक्ट्रोसेराची एखादी निराळी जातही निघू शकेल, म्हणून पोटावरची 'टी' खूण आणि पंखावरची रेघ भिंगातून नीट पाहा. प्रयोग संपल्यावर कापड न सोडता बरणी कडक उन्हात ठेवा, म्हणजे माश्या मरतील. त्यानंतरच ती रिकामी करा.

तिन्ही बरण्यांची निरीक्षणे शेजारी शेजारी मांडली की, 'फळमाशी' या शब्दापुढे कोणती, हा प्रश्न तुम्ही आपोआप विचारू लागाल. शिक्षकांनीही फळ्यावर नुसते 'फळमाशी' न लिहिता शेजारी शास्त्रीय नाव लिहावे. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी आंब्याची किंवा पेरूची बाग असेल. पुस्तकातील माशी आणि बापाच्या बागेतील माशी वेगळी आहे हे त्याला कळले, तर तो घरी जाऊन गळलेली फळे उचलून पुरेल आणि सापळ्यात कोणते द्रव्य घातले आहे हेही विचारील.